दोरीने बांधलेल्या वस्तूंची गणिते: अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून मी अकरावी विज्ञानाला गेलो, तेव्हा न्यूटनचे तिन्ही नियम मला तोंडपाठ होते. पहिल्याच चाचणीत एक साधा प्रश्न आला. गुळगुळीत टेबलावर ३ किलोचा ठोकळा ठेवला आहे, त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेवरील कप्पीवरून खाली जाते आणि तिच्या टोकाला २ किलोचा ठोकळा टांगला आहे. दोरीतील ताण काढा. मी क्षणाचाही विचार न करता लिहिले: टांगलेल्या ठोकळ्याचे वजन २ × ९.८ म्हणजे १९.६ न्यूटन, म्हणून ताणही १९.६ न्यूटन. शून्य गुण मिळाले. त्याहून वाईट म्हणजे आपले नेमके काय चुकले हे पुढचे कित्येक आठवडे मला उमगले नाही, कारण शिकवणीत मिळालेल्या सूत्रांच्या यादीतून मी फक्त बरोबर सूत्र शोधत राहिलो.

या प्रकारच्या गणितांत सूत्रे पाठ करण्यासारखे काही नाही, हे माझे ठाम मत आहे. न्यूटनचा दुसरा नियम एवढे एकच सूत्र लागते आणि बाकी सगळा प्रश्न 'हे समीकरण कोणत्या वस्तूचे आहे?' या एका चौकशीवर उभा असतो. ही चौकशी प्रत्येक ओळीला कशी करायची, ते पुढे सांगितले आहे.

जवळ काय असावे

कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर आणि पट्टी. कॅल्क्युलेटर सुरुवातीला दूरच ठेवा. पूर्वज्ञान म्हणून तीन गोष्टी पुरतात: दोन अज्ञात राशींची एकसामयिक समीकरणे सोडवता येणे, ३० अंशांच्या कोनाची साइन आणि कोसाइन किंमत ठाऊक असणे, आणि वस्तुमान व वजन यांतला फरक पक्का असणे. वस्तुमान किलोग्रॅममध्ये असते. वजन हे पृथ्वीने लावलेले बल आहे आणि ते न्यूटनमध्येच लिहायचे. बाजारात आपण 'दोन किलो वजन' म्हणतो, त्या सवयीमुळे असंख्य उत्तरांत ९.८ ने गुणायचे राहून जाते.

पुस्तकात इंग्रजी अक्षरे असतात. इथे मी त्वरणासाठी 'त' आणि ताणासाठी 'ता' वापरतो. गुरुत्व त्वरण सगळीकडे ९.८ मी/से² धरले आहे; परीक्षेत १० धरायला सांगितले असेल तर अर्थातच १० धरा, नाहीतर पर्यायांतील आकडा जुळणार नाही.

१. प्रश्नातील विशेषणे आधी अधोरेखित करा

प्रश्न तयार करणारा प्रत्येक विशेषण हेतुपुरस्सर लिहितो. 'गुळगुळीत' म्हणजे घर्षण शून्य. 'हलकी दोरी' म्हणजे दोरीचे वस्तुमान शून्य धरायचे, आणि म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ताण सारखाच असतो. वस्तुमानच नसेल तर तिच्यावरील निव्वळ बलही शून्यच असावे लागते. 'न ताणली जाणारी दोरी' म्हणजे तिची लांबी बदलत नाही, आणि म्हणून तिने जोडलेल्या वस्तूंच्या हालचालींचे एकमेकींशी ठरावीक नाते असते. 'हलकी आणि घर्षणरहित कप्पी' म्हणजे कप्पी फक्त दोरीची दिशा बदलते, ताण बदलत नाही.

हे सगळे सोयीचे खोटे आहे, हे मात्र ध्यानात असू द्या. विहिरीच्या काथ्याच्या भिजलेल्या दोराला चांगलेच वजन असते, त्यामुळे वरच्या टोकाचा ताण पोहऱ्याजवळच्या ताणापेक्षा जास्त असतो. कुरकुरणाऱ्या जड रहाटाच्या दोन्ही बाजूंचा ताणही सारखा नसतो. अशा जड कप्पीची गणिते घूर्णन गतीच्या प्रकरणानंतर येतात, आणि तिथे दोन बाजूंना दोन वेगळे ताण लिहावे लागतात. म्हणून 'हलकी' हा शब्द प्रश्नात आहे की नाही, हे पाहण्याची सवय आजच लावून घ्या.

'स्थिर अवस्थेतून सोडले' या शब्दांकडेही नीट पाहा. त्यांचा अर्थ सुरुवातीचा वेग शून्य आहे एवढाच. त्वरण शून्य आहे असा नाही.

२. एकेक वस्तू बाजूला काढा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच पायरी विद्यार्थी वेळ वाचवण्यासाठी गाळतात. प्रश्नातील प्रत्येक वस्तूची स्वतंत्र आकृती काढा. आकृती म्हणजे नुसता एक ठिपका किंवा चौकोन. टेबल, कप्पी, दुसरा ठोकळा, काहीही त्यात काढायचे नाही. याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, आणि मराठी पुस्तकांत मुक्त वस्तू आकृती असाही शब्द आढळतो.

आता त्या ठिपक्यावर बाण काढायचे. कोणते, हे ठरवण्यासाठी स्वतःला दोनच प्रश्न विचारा. पृथ्वी या वस्तूला ओढते का? ओढतेच, म्हणून वजनाचा बाण सरळ खाली. उतारावरील वस्तूचेही वजन सरळ खालीच असते, उताराला लंब नसते. दुसरा प्रश्न: या वस्तूला प्रत्यक्ष स्पर्श कोण करते? स्पर्श करणारी प्रत्येक गोष्ट एक किंवा दोन बले लावते. दोरी बांधली असेल तर वस्तूपासून दूर जाणारा ताणाचा बाण, पृष्ठभाग असेल तर पृष्ठभागाला लंब असे अभिलंब बल, आणि तो खडबडीत असेल तर पृष्ठभागाला समांतर घर्षण. स्पर्श करणाऱ्यांची यादी संपली की बाणही संपले.

माझ्या चाचणीतला प्रश्न या रीतीने पाहू. टेबलावरील ३ किलोच्या ठोकळ्याला स्पर्श करतात फक्त टेबल आणि दोरी. म्हणून त्याच्यावर तीन बले: वजन खाली, अभिलंब बल वर, ताण कप्पीच्या दिशेने. लोंबणाऱ्या ठोकळ्याला फक्त दोरीचा स्पर्श आहे. म्हणून दोन बले: वजन खाली, ताण वर. टांगलेल्या ठोकळ्याचे वजन टेबलावरच्या ठोकळ्यावर 'पोहोचत' नाही. त्या दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही. माझी चूक इथेच होती. मी एका वस्तूवरील बल दुसऱ्या वस्तूच्या खात्यावर मांडले होते.

तिसऱ्या नियमाचा नेहमीचा घोळही याच पायरीत सुटतो. बैल गाडीला जितक्या बलाने पुढे ओढतो, तितक्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी चालतेच कशी, असा प्रश्न वर्गात हमखास निघतो. ही दोन बले समान आणि विरुद्ध आहेत हे खरेच, पण एक गाडीच्या आकृतीत आहे आणि दुसरे बैलाच्या आकृतीत, त्यामुळे त्यांची वजाबाकी होतच नाही. गाडीच्या आकृतीत बैलाची ओढ पुढे आणि चाकांचा विरोध मागे असतो. ओढ जास्त असेल तर गाडी निघते. बैलाच्या आकृतीत गाडीची ओढ मागे असते आणि त्याच्या खुरांना जमिनीने लावलेले घर्षण पुढे असते. निसरड्या चिखलात हेच घर्षण कमी पडते, आणि मग गाडीइतकाच बैलही अडकतो.

३. प्रत्येक वस्तूची धन दिशा तिच्या हालचालीच्या दिशेने घ्या

टेबलावरचा ठोकळा कप्पीकडे सरकेल, म्हणून त्याची धन दिशा कप्पीकडे. लोंबणारा ठोकळा खाली जाईल, म्हणून त्याची धन दिशा खाली. दोन वस्तूंसाठी दोन वेगळ्या धन दिशा घेतलेल्या चालतात का, अशी शंका मला बरेच दिवस होती. चालतात, कारण प्रत्येक समीकरण एकाच वस्तूचे असते. दोरी ज्या वाटेने पळते तीच धन वाट, असे समजले की कप्पीवरून वळतानाही गोंधळ होत नाही.

हालचाल कोणत्या बाजूला होईल हे आधी कळत नसेल, तर घर्षण नसलेल्या प्रश्नात खुशाल अंदाज करा. अंदाज चुकला तर त्वरण उणे येईल आणि आकडा बरोबरच असेल. घर्षण असेल तर मात्र ही सवलत नाही. ते सहाव्या पायरीत येते.

४. समीकरणे लिहा, आणि प्रत्येक समीकरणापुढे वस्तूचे नाव लिहा

धन दिशेच्या बलांतून विरुद्ध दिशेची बले वजा करा आणि त्यांची बरोबरी त्या वस्तूचे वस्तुमान गुणिले त्वरण याच्याशी करा.

३ किलोचा ठोकळा: ता = ३ × त
२ किलोचा ठोकळा: २ × ९.८ − ता = २ × त

दोन्ही समीकरणांची बेरीज केली की ताण आपोआप निघून जातो: १९.६ = ५ × त, म्हणून त्वरण ३.९२ मी/से². पहिल्या समीकरणात ही किंमत घातली की ताण ११.७६ न्यूटन येतो.

माझे उत्तर होते १९.६. दोन आकड्यांतला फरक कशाचा आहे, हे एकदा शांतपणे पाहण्यासारखे आहे. लोंबणाऱ्या ठोकळ्यावर वर १९.६ आणि खाली १९.६ न्यूटन असते, तर त्याच्यावरील निव्वळ बल शून्य झाले असते आणि तो खाली येऊच शकला नसता. तो वेग वाढवत खाली येतो, याचाच अर्थ ताण त्याच्या वजनापेक्षा कमी आहे. ताण आणि वजन समान असतात ते फक्त वस्तू स्थिर असते किंवा स्थिर वेगाने सरकते तेव्हा. बहुपर्यायी परीक्षांत १९.६ हा पर्याय बहुधा ठेवलेला असतोच, आणि तो पाहून 'आपले उत्तर आले' असा आनंद होतो. त्या आनंदापासून सावध राहा.

ओळीच्या सुरुवातीला वस्तूचे नाव लिहिण्याचा आग्रह मी धरतो, तो यासाठीच. नाव लिहिले की उजव्या बाजूला तिचेच वस्तुमान येते. एका वस्तूची बले आणि दोन्ही वस्तूंचे एकत्र वस्तुमान अशी खिचडी मग होत नाही.

५. उत्तर तपासण्याची सवय: ॲटवुडचे यंत्र

केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुड यांनी १७८४ साली आपल्या ग्रंथात एका उपकरणाचे वर्णन दिले. कप्पीच्या दोन्ही बाजूंना दोन वस्तुमाने टांगलेली असतात, आणि त्यांत थोडासाच फरक असतो. उद्देश साधा होता. मोकळी सोडलेली वस्तू इतक्या झपाट्याने पडते की त्या काळच्या घड्याळांनी तिची गती मोजणे अवघड होते. म्हणून पडण्याची क्रियाच मंद करायची. ३ किलो आणि २ किलो टांगले तर समीकरणे अशी होतात:

३ किलो, खाली जाणारा: २९.४ − ता = ३ × त
२ किलो, वर जाणारा: ता − १९.६ = २ × त

बेरीज केल्यावर त्वरण १.९६ मी/से² आणि ताण २३.५२ न्यूटन. हेच ५०५ ग्रॅम आणि ४९५ ग्रॅम घेतले तर त्वरण ०.०९८ मी/से² इतके उतरते आणि १ मीटर अंतर कापायला सुमारे साडेचार सेकंद लागतात. मोकळी वस्तू तेवढेच अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत पडते.

आता तपासणी. ताण दोन्ही वजनांच्या मध्ये आला पाहिजे: १९.६ पेक्षा जास्त, कारण हलका ठोकळा वर जातो, आणि २९.४ पेक्षा कमी, कारण जड ठोकळा खाली जातो. २३.५२ मध्येच आहे. मग टोकाच्या स्थिती पाहा. दोन्ही वस्तुमाने समान असती तर त्वरण शून्य यायला हवे. एक बाजू शून्य असती तर त्वरण ९.८ यायला हवे. तुमची बैजिक राशी या दोन्ही कसोट्यांना उतरत नसेल, तर आकडे घालण्यापूर्वीच चूक शोधा.

या यंत्रात एक गंमत आहे आणि तिच्यावर प्रश्न नेहमी येतो. कप्पी छताला टांगली आहे. छतावर किती भार येतो? पाच किलोचे वजन ४९ न्यूटन, म्हणून उत्तर ४९ असे वाटते. पण कप्पीला स्पर्श करतात दोरीच्या दोन बाजू, म्हणून भार ताणाच्या दुप्पट, म्हणजे ४७.०४ न्यूटन. उरलेले १.९६ न्यूटन गेले कुठे? दोन्ही ठोकळ्यांचे मिळून वस्तुमानकेंद्र खाली त्वरणित होत आहे, कारण जड वस्तू खाली जाते. त्या त्वरणासाठी लागणारे निव्वळ बल म्हणजेच हा फरक. ठोकळे हाताने धरून ठेवलेत, तर गणित पुन्हा वेगळे, कारण आता हाताचाही स्पर्श आला.

६. घर्षण असेल तर आधी विचारा: हालचाल होते तरी का?

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त गुण इथे जातात. एक उदाहरण पूर्ण सोडवतो. ३० अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा आहे. दोरी वरच्या कप्पीवरून जाऊन पलीकडे २ किलोचा ठोकळा टांगला आहे. उतार गुळगुळीत असेल तर उताराच्या दिशेने वजनाचा घटक ५ × ९.८ × ०.५ = २४.५ न्यूटन आणि पलीकडचे वजन १९.६ न्यूटन. म्हणून ५ किलोचा ठोकळा खाली घसरतो, त्वरण ४.९ भागिले ७ म्हणजे ०.७ मी/से², आणि ताण २ × (९.८ + ०.७) = २१ न्यूटन. कोणी उलटा अंदाज केला असता तर −०.७ आले असते, आणि चिन्ह पाहून दिशा उलटवली की काम झाले असते.

आता उतार खडबडीत करू. घर्षण गुणांक स्थितिक (वस्तू स्थिर असतानाचा) आणि गतिक (ती सरकत असतानाचा) दोन्हींसाठी ०.२ धरा. अभिलंब बल ५ × ९.८ × ०.८६६ म्हणजे सुमारे ४२.४ न्यूटन, म्हणून घर्षणाची कमाल मर्यादा सुमारे ८.५ न्यूटन. कोणी ठोकळा वर जातो असे धरून घर्षण उताराच्या खाली दाखवले, तर त्वरण (१९.६ − २४.५ − ८.५) भागिले ७, म्हणजे सुमारे −१.९ येते. 'उणे आले, म्हणजे खाली घसरतो आणि त्वरण १.९' असे लिहिले की उत्तर साफ चुकले. दिशा उलटली की घर्षणही उलटते, पण समीकरणातले घर्षण जुन्याच बाजूला राहिले होते.

खरी स्थिती अशी की घर्षण नसताना ठोकळ्याला खाली ढकलणारा फरक फक्त ४.९ न्यूटनचा आहे, आणि घर्षण ८.५ पर्यंत सोसू शकते. म्हणून ठोकळा हलतच नाही. त्वरण शून्य, ताण पूर्ण १९.६, आणि घर्षण ४.९ न्यूटन उताराच्या वरच्या दिशेने. इथे घर्षण ८.५ लिहिणे ही दुसरी नेहमीची चूक. घर्षण गुणांक गुणिले अभिलंब बल ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. हालचाल थोपवायला जेवढे लागते तेवढेच स्थितिक घर्षण प्रत्यक्षात असते, त्याहून अधिक नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवा. प्रथम घर्षण बाजूला ठेवून वस्तूंची ओढ कुठे आहे ते काढा. त्या ओढीची तुलना कमाल स्थितिक घर्षणाशी करा. ओढ कमी असेल तर सगळे स्थिर, आणि प्रश्न संपला. ओढ जास्त असेल तरच गतिक घर्षण, हालचालीच्या विरुद्ध दिशेने, समीकरणात घाला.

७. दोरी फक्त ओढते, दांडी ओढतेही आणि ढकलतेही

उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर तुम्ही पाहिलेच असतील. जोडलेल्या वस्तूंचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. भरलेल्या प्रत्येक ट्रॉलीचे वस्तुमान ८,००० किलो आणि रस्त्याचा विरोध प्रत्येकी १,६०० न्यूटन असे धरा. ट्रॅक्टर ०.३ मी/से² त्वरणाने सुटतो. मागच्या ट्रॉलीची आकृती काढा. तिला पुढे ओढणारी एकच गोष्ट, मधली दांडी. म्हणून मधल्या दांडीतील बल ८,००० × ०.३ + १,६०० = ४,००० न्यूटन.

ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांमधल्या दांडीसाठी एक युक्ती वापरता येते. दोन्ही ट्रॉल्यांचे त्वरण एकच आहे, म्हणून त्यांना मिळून एकच वस्तू समजा. मग त्यांच्या मधली दांडी ही त्या वस्तूच्या आतली बाब होते आणि आकृतीतून गळते. उरते १६,००० × ०.३ + ३,२०० = ८,००० न्यूटन. आतले बल विचारले नसेल तेव्हा ही एकत्र करण्याची रीत वेळ वाचवते. आतले बल विचारले असेल तर मात्र तिथे वस्तू कापून दोन करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता ट्रॅक्टरने ब्रेक लावला आणि ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत, असे समजा. मंदन ०.५ मी/से². मागची ट्रॉली थांबायला ४,००० न्यूटन मागच्या दिशेने हवेत. रस्ता त्यांपैकी १,६०० देतो, उरलेले २,४०० मधल्या दांडीने द्यायचे. म्हणजे आता दांडी ट्रॉलीला मागे रेटते, आणि ट्रॉली तितक्याच बलाने पुढच्या ट्रॉलीला पुढे रेटते. ट्रॅक्टरवर हा रेटा ४,८०० न्यूटनचा होतो. उतारावर तो आणखी वाढतो, आणि वळणावर ट्रॅक्टर आडवा होण्याची भीती असते ती यामुळेच. दांडीच्या जागी दोर असता तर तो सैल पडला असता आणि ट्रॉली ट्रॅक्टरवर येऊन आदळली असती. गणितातही तसेच: दोरीचा ताण उणे आला, तर ते 'उलट्या दिशेचा ताण' असे उत्तर नसते. दोरी सैल झाली आहे, तिचा ताण शून्य आहे आणि दोन्ही वस्तू आता सुट्या आहेत, असा त्याचा अर्थ.

पुण्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लागतात आणि लोणावळ्याला ती सुटतात. भोर घाटातला चढ ३७ मीटरमागे १ मीटर इतका आहे. रेल्वेत या इंजिनांना बँकर म्हणतात. सोयीसाठी डब्यांचे वस्तुमान ७४० टन, वेग स्थिर आणि घर्षण नगण्य धरा. चढाच्या दिशेने वजनाचा घटक ७,४०,००० × ९.८ भागिले ३७, म्हणजे १,९६,००० न्यूटन. फक्त पुढचेच इंजिन असते तर हा सगळा भार पहिल्या कपलिंगवर आला असता. बँकर मागून १,२०,००० न्यूटनने रेटत असतील, तर पहिल्या कपलिंगवर ७६,००० न्यूटनच उरतात. गाडीच्या मागच्या सुमारे ४५३ टनांना बँकर ढकलतात, पुढच्या २८७ टनांना पुढचे इंजिन ओढते, आणि या दोहोंच्या सीमेवर कुठेतरी एक जागा अशी असते की तिथे ना ओढ ना रेटा. घाटात गाडीत बसलेले असताना ती जागा आपल्या डब्यात आहे का, हा विचार माझ्या मनात हटकून येतो.

८. सरकती कप्पी: दोरीची लांबी मोजा

सगळ्या वस्तूंचे त्वरण सारखेच, अशी सवय लागली की सरकत्या कप्पीत फसगत होते. समजा, दोरीचे एक टोक छताला बांधले आहे. दोरी खाली येऊन एका सुट्या हलक्या कप्पीखालून वळते, वर छताला पक्क्या बसवलेल्या कप्पीवरून जाते आणि शेवटच्या टोकाला २ किलोचा ठोकळा टांगलेला आहे. सुट्या कप्पीला ३ किलोचा ठोकळा लटकवला आहे.

कप्पी १० सेंटिमीटर वर जायची असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंची दोरी दहा-दहा सेंटिमीटर कमी व्हायला हवी. दोरीची लांबी तर कायम आहे. म्हणून हे २० सेंटिमीटर पलीकडे गेले पाहिजेत. म्हणजे २ किलोचा ठोकळा दुप्पट अंतर जातो, आणि त्याचे त्वरणही दुप्पट. ३ किलोच्या ठोकळ्याचे त्वरण 'त' वर धरले, तर:

२ किलो, खाली: १९.६ − ता = २ × २त
३ किलो, वर: २ × ता − २९.४ = ३ × त

दुसऱ्या ओळीत ताण दोनदा येतो, कारण सुट्या कप्पीला दोरीच्या दोन बाजू वर ओढतात. पहिल्या समीकरणाची दुप्पट करून दुसऱ्यात मिळवली की ९.८ = ११ × त, म्हणून 'त' सुमारे ०.८९ मी/से², ताण सुमारे १६ न्यूटन. जड ठोकळा वर जातो आणि हलका खाली येतो. 'जड बाजू खाली' हा ठोकताळा इथे उघडा पडतो.

दोन्ही जागी एकच 'त' लिहिणे आणि ताणाचा दुप्पटपणा विसरणे, या दोनच चुका या प्रकारात होतात. किती अंतर कोण सरकते, हे आकडा घेऊन आकृतीवर बोट फिरवत पाहा. त्यासाठी कलन यायलाच हवे असे नाही.

९. सरावासाठी

पहिले पंधरा-वीस प्रश्न पर्याय झाकून सोडवा आणि प्रत्येकात आकृत्या काढाच, प्रश्न कितीही सोपा वाटो. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत म्हणून तिथे अंदाज चालून जातो, पण जेईई मेनमध्ये चुकीच्या पर्यायाचा एक गुण जातो, आणि या प्रकरणातले चुकीचे पर्याय तुमच्याच संभाव्य चुकांवरून बेतलेले असतात.

दोन प्रश्न देऊन थांबतो. पहिला: गुळगुळीत जमिनीवर २ किलो आणि ३ किलोचे ठोकळे एकमेकांना चिकटून ठेवले आहेत. २ किलोच्या बाजूने १० न्यूटनने ढकलले तर ठोकळ्यांमधले स्पर्शबल किती, आणि ३ किलोच्या बाजूने ढकलले तर किती? उत्तरे ६ आणि ४ न्यूटन आहेत. ती वेगळी का, हे ज्याला हात लागलेला नाही त्या पलीकडच्या ठोकळ्याची आकृती काढून पाहा.

दुसरा: पाचव्या पायरीतील ॲटवुडच्या यंत्रात ३ किलोचा ठोकळा जमिनीपासून १ मीटर उंचीवरून सोडला आणि जमिनीवर टेकताच न उसळता थांबला. त्यानंतर २ किलोचा ठोकळा आणखी किती वर जाईल? टेकण्याच्या क्षणी वेगाचा वर्ग २ × १.९६ × १ म्हणजे ३.९२. त्या क्षणी दोरी सैल पडते, ताण शून्य होतो, आणि २ किलोच्या आकृतीत फक्त वजन उरते. इथून पुढे १.९६ वापरायचे नाही, ९.८ वापरायचे. ३.९२ भागिले १९.६, म्हणजे आणखी २० सेंटिमीटर. कप्पी तेवढ्या उंचीच्या आत नाही ना, तेवढे प्रश्नात पाहून घ्या.